तीनच एपिसोड, पण अख्खा तुरुंग त्याचा : पीटर वॉनच्या डीव्हीडी, बघून झाल्यावर

मागच्या दिवाळीत धाकटा भाऊ लीड्सहून आला तेव्हा सगळ्यांसाठी चॉकलेटं आणि माझ्यासाठी एक बूट ठेवायचा खोका घेऊन आला. खोक्यात डीव्हीडी. तिकडे चॅरिटी शॉप म्हणून दुकानं असतात, लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू विकून संस्थेला पैसे देतात, तिथे जुन्या सिरीजच्या डीव्हीडी अगदी कवडीमोलाने मिळतात. मी त्याला महिनाभर आधी यादी पाठवलेली आणि बिचारा शनिवार-रविवार फिरून शोधत होता. सगळ्या डीव्हीडी एकाच माणसासाठी मागवलेल्या, आणि बहुतेक कव्हरांवर त्या माणसाचं नाव चष्मा लावून शोधावं लागतं. ठाण्यातल्या माझ्या हॉलमध्ये बसून दोन महिन्यांत सगळ्या बघून झाल्यात, काही दोनदा बघितल्या, म्हणून आता सविस्तर लिहिते. कुणाला घ्यायच्या असतील तर कुठून सुरुवात करावी तेही कळेल.

माणूस म्हणजे पीटर वॉन. नाव ओळखीचं वाटणार नाही पण गेम ऑफ थ्रोन्स बघितलं असेल तर चेहरा नक्की माहितीये. भिंतीवरच्या त्या बर्फाळ किल्ल्यात एक आंधळा म्हातारा असतो ना, मेस्टर एमॉन, जॉन स्नोला कर्तव्य आणि प्रेम यातलं काय निवडायचं ते सांगतो आणि मग हळूच कळतं की हा स्वतः टार्गेरियन या जुन्या राजघराण्यातला आहे, तोच. पहिल्या सिझनचा नववा एपिसोड. मी तो सीन पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं होतं की कोणीतरी खरोखरचा आंधळा म्हातारा पकडून आणलाय, इतकं ते बोलणं आतून येत होतं. नंतर वाचलं तर कळलं की त्याची नजर खरंच बरीच गेली होती तेव्हा. सिरीज २०११ साली आली आणि हा १९२३ चा, म्हणजे अठ्ठ्याऐंशीचा होता! २०१५ पर्यंत काम केलं, एमॉनचा मृत्यू पाचव्या सिझनमध्ये दाखवलाय, आणि डिसेंबर २०१६ मध्ये स्वतः गेला, ९३ वर्षांचा होऊन.

मग मी मागे मागे शोधत गेले आणि हादरलेच. कारण तिकडच्या लोकांना हा प्रेमळ आजोबा म्हणून माहितीच नव्हता मुळी. तीसेक वर्षं तो गुंड, दरोडेखोर, दमदाटी करणारा बाप, खुनशी वकील असाच दिसत आला होता. जाड मान, रुंद जबडा, आणि डोळे असे अर्धे मिटलेले की समोरच्याला कळूच नये हा काय विचार करतोय. खरं आडनाव ओम, स्पेलिंग आपण शाळेत विजेच्या रेझिस्टन्सला शिकलो तेच. इंग्लंडमधल्या श्रॉपशर भागातल्या वेम नावाच्या छोट्या गावात जन्मलेला, शाळा संपल्या संपल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या नाटक कंपनीत गेला, मध्ये दुसरं महायुद्ध आलं तेव्हा सैन्याच्या सिग्नल्समध्ये होता, परत आला आणि पुन्हा नाटक, मग टीव्ही. हिरो कधी झाला नाही म्हटलं तरी चालेल. आपण चरित्र अभिनेता म्हणतो ना, तो शब्द मला याच्यासाठी अगदी बरोबर वाटतो, कारण हा दोन मिनिटांसाठी येतो आणि त्या माणसाचं अख्खं चरित्र सोबत घेऊन येतो.

तर आता डीव्हीडींकडे.

पहिली लावली ती पॉरिज. बीबीसीची कॉमेडी, १९७४ ते ७७, तुरुंगात घडते, रॉनी बार्कर हा फ्लेचर नावाचा सराईत भुरटा कैदी. सुरुवातीला जो जज शिक्षा सुनावताना ऐकू येतो तो आवाजही बार्करचाच आहे हे मला नंतर कळलं. पॉरिज म्हणजे लापशी, पण तिकडच्या बोलीत तुरुंगात शिक्षा भोगणं. आता या सिरीजमध्ये वॉन हा 'जीनिअल' हॅरी ग्राउट, म्हणजे तुरुंगातला खरा मालक, जेलरपेक्षा मोठा. मी पूर्ण सेट बघून झाल्यावर मोजले, टीव्हीवरच्या सगळ्या एपिसोड्समध्ये तो फक्त तीनमध्ये येतो! तीन! नंतर १९७९ साली पॉरिजचा सिनेमा निघाला त्यात आहे, बस. आणि तरी तिकडची माणसं पॉरिज म्हटलं की ग्राउटी म्हणतात. माझ्या भावाच्या ऑफिसमधल्या वयस्कर लोकांनाही त्याने विचारलं तर त्यांना वाटत होतं तो प्रत्येक एपिसोडमध्ये असायचा.

हे कसं जमलं ते समजून घ्यायला मी बॉक्सिंगचा एपिसोड परत लावला. बाकी कैद्यांच्या खोल्या उघड्याबोडक्या, आणि ग्राउटची खोली बघा, पडदे-बिडदे, सामानसुमान, पिंजऱ्यात पक्षी पाळलेला. फ्लेचर हा एरवी कुणालाही उलट बोलणारा माणूस, वॉर्डर मॅकेला तर तो रोज खिजवतो, पण ग्राउटच्या खोलीत शिरताना त्याचे खांदे बदलतात. आणि वॉन काय करतो? काहीच करत नाही. आवाज चढवत नाही, हळू बोलतो, अगदी प्रेमाने बोलतो, हसतो सुद्धा. फ्लेचरच्या तरुण सोबत्याने, गॉडबरने, मुष्टियुद्धात मुद्दाम हरावं एवढीच त्याची इच्छा आहे, आणि ती तो अशी सांगतो जणू शेजाऱ्याकडे शिडी मागतोय. हसू ओठांपुरतं, डोळे मात्र जागचे हलत नाहीत. मी तो सीन आवाज बंद करून बघितला, तरी भीती वाटली. विनोदी सिरीजमध्ये खरी भीती आणणं आणि तरी विनोद मरू न देणं हे किती अवघड आहे याचा विचार करा, जरा जास्त झालं असतं तर ती क्राइम सिरीज झाली असती आणि जरा कमी झालं असतं तर कार्टून. पॉरिज डोळे झाकून घ्या, पाचपैकी पाच. भाषा मात्र लंडनची बोली आहे, पहिले दोन एपिसोड कान तयार होईपर्यंत जड जातील, सोडू नका.

सिटिझन स्मिथ पण होती खोक्यात, त्यात तो हिरोच्या गर्लफ्रेंडचा तापट बाप आहे, पहिल्या दोन सिझनपुरता, नंतर दुसरा नट आला. मजेशीर आहे पण त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर राहू द्या.

दुसरी जी मनात घर करून बसली ती खरं म्हणजे जेमतेम पन्नास मिनिटांची आहे. अ वॉर्निंग टू द क्युरिअस. बीबीसी पूर्वी ख्रिसमसच्या सुमारास एक भुताची गोष्ट दाखवायची, त्यातली ही १९७२ ची, एम. आर. जेम्सच्या कथेवरून, दिग्दर्शक लॉरेन्स गॉर्डन क्लार्क. वॉन त्यात पॅक्स्टन, नोकरी गेलेला एक साधा क्लार्क, जो समुद्रकाठच्या गावात पुरलेला जुना राजमुकुट शोधायला येतो. इथे तो गुंड नाही, दादा नाही. कोट झिजलेला, हातात फावडं, आणि चेहऱ्यावर ती आशा की आयुष्यात एकदा तरी आपल्याला काहीतरी सापडेल. मुकुट सापडतो आणि मग लांब, समुद्राच्या वाळूवर, झाडांच्या कडेला, एक काळी आकृती दिसायला लागते. एवढंच. रक्त नाही, किंचाळणं नाही. नॉरफोकचा तो सपाट किनारा आणि थंडीतला फिका उजेड, आणि तो रुंद माणूस सारखा मान वळवून मागे बघतोय. मी दिवसा बघितली आणि संध्याकाळी जिन्यातून खाली कचरा टाकायला जाताना मीही मागे बघितलं, खरं सांगते. ज्या शरीराची एवढी वर्षं लोकांना धास्ती वाटायची तेच शरीर इथे घाबरलंय, त्यामुळे भीती दुप्पट होते. ही शोधून बघाच, आणि एकटीने बघू नका.

स्ट्रॉ डॉग्ज मी घेतलाय पण रिव्ह्यूमध्ये फक्त सावध करते. १९७१ चा सिनेमा, डस्टिन हॉफमन आहे, वॉन गावातल्या टोळक्याचा दारुडा म्होरक्या टॉम हेडन. त्याचं काम जबरदस्त आहे, आधी हसरा आणि मग एकदम अंगावर येणारा, पण सिनेमातली हिंसा आणि बाईवरचे अत्याचार मला बघवले नाहीत. मुलांसमोर अजिबात नको. याच माणसाला टेरी गिलियमच्या टाइम बँडिट्स मध्ये, १९८१ चा, पाठदुखीने कण्हणारा राक्षस म्हणून बघा, तो मुलांना दाखवा. माझी भाची दोनदा रिवाइंड करून बघत होती.

आता एक तक्रार. ब्लीक हाउस. डिकन्सच्या कादंबरीवरची बीबीसीची १९८५ ची सिरीज, डायना रिग त्यात लेडी डेडलॉक आणि वॉन तिच्या मागे लागलेला वकील टल्किंगहॉर्न. ही भावाला दुकानात मिळाली नाही म्हणून मी इथून ऑनलाइन एका विक्रेत्याकडे मागवली, नाव घेत नाही, तर त्याने २००५ ची पाठवली, तीही बीबीसीचीच, नाव सेम, पण त्यात टल्किंगहॉर्न चार्ल्स डान्स आहे. मी वर्ष स्पष्ट लिहून विचारलं होतं, हो म्हणाले होते, आणि परत घ्यायला तीन आठवडे लावले, वर कुरिअरचे पैसे माझेच गेले. याचा मला फार राग आला कारण जुन्या सिरीज घेणारा माणूस वर्ष बघूनच घेतो, नुसतं नाव नाही. तेव्हा ब्लीक हाउस घेताना कव्हरवरचं साल तपासाच. शेवटी जुनी मिळाली आणि दोन्ही बघून झाल्या, म्हणून सांगू शकते. डान्स चाकूसारखा आहे, थंड आणि धारदार. वॉन जड आहे. तो खोलीत उभा राहतो आणि हवा कमी झाल्यासारखी वाटते, लेडी डेडलॉकचं गुपित त्याला कळलंय हे तो सांगत नाही, नुसता बसून राहतो. आणि योगायोग बघा, हे दोन्ही टल्किंगहॉर्न पुढे गेम ऑफ थ्रोन्समध्ये आले, एक टायविन लॅनिस्टर आणि एक आपला एमॉन.

आणि डिकन्सच चालू आहे तर १९९८ च्या अवर म्युच्युअल फ्रेंड मध्ये तो बॉफिन आहे, अचानक श्रीमंत झालेला, वाचता न येणारा, भोळाभाबडा कचऱ्याच्या ढिगांचा मालक. एकाच लेखकाचा सगळ्यात निर्दय वकील आणि सगळ्यात मऊ म्हातारा, दोन्ही एकाच चेहऱ्याचे. मेकअपची कमाल म्हणाल तर तसं काही नाही, जबडा तोच, आवाज तोच. मला वाटतं तो फक्त वजन कुठे ठेवायचं ते बदलायचा. टल्किंगहॉर्नचं वजन टाचांवर, मागे, बॉफिनचं पुढे, समोरच्याच्या दिशेने.

आता ज्या दोन डीव्हीडींसाठी मी हे सगळं लिहायला बसले त्या.

द रिमेन्स ऑफ द डे, १९९३. आपल्या मुंबईत जन्मलेल्या इस्माईल मर्चंटची निर्मिती, दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, गोष्ट इशिगुरोच्या कादंबरीची. अँथनी हॉपकिन्स हा बड्या हवेलीतला मुख्य बटलर स्टीव्हन्स, आणि वॉन त्याचा बाप, तोही आयुष्यभर बटलर, आता म्हातारपणी मुलाच्या हाताखाली कामाला आलेला. हॉपकिन्सपेक्षा वॉन खरंतर फक्त चौदा वर्षांनी मोठा, पण एका क्षणासाठीही वाटत नाही की हा बाप नाही. एक दिवस पाहुण्यांसाठी भरलेला ट्रे घेऊन बागेतून जाताना त्याचा पाय फरशीच्या कडेला अडखळतो आणि तो ट्रेसकट कोसळतो. कप, चमचे, सगळं.

मी इथे डीव्हीडी थांबवली. माझ्या बाबांचं सांगते. पोस्टातून रिटायर झाल्यावर दुपारचा चहा बाबाच करायचे, आणि स्टीलच्या ट्रेमधून दोन कप आणि खारी घेऊन हॉलमध्ये यायचे, कपाला बशी पाहिजेच, बशीत एक थेंब सांडलेला चालायचा नाही. शेवटच्या दोन वर्षांत हात थरथरायला लागले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात एकदा ट्रे पडला. मी धावत गेले, म्हटलं, "बाबा, राहू द्या, उद्यापासून चहा मी आणत जाईन." ते काही बोलले नाहीत. खाली बसले आणि काचा वेचायला लागले, मला हात लावू दिला नाही, सगळे तुकडे ट्रेमध्ये ओळीने ठेवले. पडल्यानंतर मुलगा जेव्हा बापाला सांगायला जातो की आता जेवण वाढायचं काम तुमच्याकडे नसेल, तेव्हा वॉनच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी ओळखलं. राग नाही, रडणं नाही, नुसती मान थोडी वर होते. तेच बाबांचं झालं होतं.

पुढे बापाला झटका येतो, कॉरिडॉरमध्ये, ट्रॉली ढकलताना. गुडघ्यावर बसलाय आणि हात ट्रॉलीच्या दांड्याला घट्ट धरलेले, मुलाला ती बोटं सोडवावी लागतात. मग वरच्या छोट्या खोलीत पलंगावर पडल्या पडल्या तो मुलाला विचारायचं ते विचारतो, मी चांगला बाप झालो असेन अशी आशा आहे वगैरे, आणि मुलाला खाली पाहुण्यांकडे जायची घाई. सिनेमात वॉन असेल काही मिनिटं, कथा तर हॉपकिन्स आणि एमा थॉम्पसनची आहे. पण मला विचाराल तर हॉपकिन्सचा स्टीव्हन्स असा दगड का झाला हे त्या काही मिनिटांशिवाय कळलंच नसतं.

आणि अवर फ्रेंड्स इन द नॉर्थ. १९९६, बीबीसी टू, नऊ एपिसोड, पीटर फ्लॅनरीने लिहिलेली, आधी नाटक होतं मग सिरीज. उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे चार मित्र, १९६४ पासून १९९५ पर्यंत, आणि ते चार नट कोण बघा, क्रिस्टोफर एकल्स्टन, डॅनिएल क्रेग, जीना मॅकी, मार्क स्ट्राँग, सगळे तेव्हा नवखे म्हणावे असे. डॅनिएल क्रेग बाँड व्हायच्या दहा वर्षं आधी. वॉन हा एकल्स्टनचा, म्हणजे निकीचा, बाप फीलिक्स. १९३६ साली जॅरो गावातली दोनशे बेकार माणसं काम मागायला पावणेतीनशे-तीनशे मैल लंडनपर्यंत चालत गेली होती, कारण गावातला जहाजांचा कारखाना बंद पडला होता, त्या मोर्चात हा फीलिक्स चाललेला. हाताला काही लागलं नाही. त्यामुळे मुलगा राजकारणात शिरून जग बदलायचं म्हणतो तेव्हा बाप नुसता तोंड फिरवतो. मुलाला वाटतं बाप हरलेला आहे, बापाला वाटतं पोरगा मूर्ख आहे, आणि दोघं तीस वर्षं एकमेकांशी नीट बोलत नाहीत.

मग फीलिक्सला विसरायला होतं. अल्झायमर्स. आणि आता निकीला बापाकडून जॅरोबद्दल ऐकायचंय, आता त्याला सगळं विचारायचंय, पण बाप त्याच्याकडे बघतो आणि त्या डोळ्यांत कुणी नाही. वॉनचे अर्धे मिटलेले डोळे, ज्यांच्या मागे काय चाललंय कळत नाही म्हणून ग्राउटची भीती वाटायची, तेच डोळे. इथे त्यांच्या मागे खरंच काही उरलेलं नाही. मी हे लिहिताना पुन्हा गप्प झाले. बाबा शेवटी मला ओळखायचे नाहीत, पण मी चहा आणून दिला की बशी आधी तपासायचे, कोरडी आहे ना, आणि मग प्यायचे. असं काहीतरी उरतं माणसात, आणि वॉनला ते माहीत होतं असं मला वाटतं, कारण फीलिक्सचं मन गेलं तरी त्याचा हट्टीपणा शरीरात शिल्लक आहे, मान अजून तशीच आडवी. घरात असा आजार बघितलेल्यांनी ही सिरीज सावकाश बघा, एका दिवसात एकच एपिसोड. पण बघा.

घेण्याआधी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. डीव्हीडीवर कुठल्या भागातल्या देशांत चालेल त्याचा रीजन नंबर असतो, ब्रिटनच्या डीव्हीडी रीजन दोनच्या असतात आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन पाचचे, म्हणजे साध्या प्लेअरवर त्या चालणार नाहीत, सगळ्या रीजनचा प्लेअर लागेल. माझ्याकडे जुना आहे तसा म्हणून निभावलं. टीव्हीच्या चित्राची पद्धत दोन्हीकडे एकच, PAL नावाची, असल्यामुळे चित्राचा त्रास नाही. कव्हरच्या मागे सबटायटल्सची खूण आहे का नक्की बघा, न्यूकॅसलची बोली मला तरी सबटायटल्सशिवाय निम्मी कळली नसती. सेकंडहँड घेताना दुकानातच डबी उघडून आत बरोबर डिस्क आहेत ना आणि सगळ्या आहेत ना मोजा, पॉरिजच्या सेटमधली एक आमच्याकडे दुसऱ्याच कप्प्यात घुसवलेली निघाली, भावाने तिथेच तपासली म्हणून बरं. जुन्या सिरीजचं चित्र थोडं धुरकट असतं, बाहेरचे सीन फिल्मवर आणि आतले व्हिडिओवर, त्यामुळे दार उघडून बाहेर पडलं की रंग बदलतो, त्याची दहा मिनिटांत सवय होते.

बघायचा क्रम मला विचाराल तर पॉरिजचा बॉक्सिंगचा एपिसोड आधी, लगेच रिमेन्स ऑफ द डे, आणि मग अवर फ्रेंड्स. एमॉन सगळ्यात शेवटी परत बघा. मी बघितला. या वेळी तो जॉनशी बोलताना माझं लक्ष त्याच्या हातांकडे होतं.

यादीतली एक अजून मिळालेली नाही, फॉक्स, १९८० ची, तेरा एपिसोडची, त्यात तो लंडनच्या क्लॅपममधल्या मोठ्या कुटुंबाचा कर्ता बाप बिली फॉक्स आहे, म्हणजे दादा आणि बाप दोन्ही एकाच माणसात. भाऊ लीड्समध्ये शोधतोय. इथे कुणाकडे चांगल्या स्थितीतला सेट असेल आणि विकायचा किंवा थोडे दिवस द्यायचा असेल तर कळवा, मी ठाण्यातून येऊन घेऊन जाईन आणि डिस्क जशाच्या तशा परत करेन.